तीन हजार गेम आणि एकही पुरा होत नाही

वाचकाचं पत्र:

माझ्या वाढदिवसाला भावाने एक छोटा रेट्रो हँडहेल्ड कन्सोल दिला. त्यात गेम बॉय, गेम बॉय कलर, गेम बॉय ॲडव्हान्स, गेम गिअर अशा हातात धरायच्या जुन्या यंत्रांचे मिळून तीन हजारांवर गेम भरलेले आहेत. मला साहसाचे, शोधाशोधीचे, थोड्याफार मारामारीचे गेम आवडतात. रात्री सगळं उरकल्यावर अर्धा तास मिळतो. पण तो यादी वरखाली करण्यातच जातो. पाच मिनिटं हा, पाच मिनिटं तो, आणि शेवटी काहीच खेळल्यासारखं वाटत नाही. सगळे 'मेगा मॅन झीरो'ची स्तुती करतात म्हणून तो लावला, तर सुरुवातीलाच इतक्यांदा मेले की लाज वाटली. माझं वय बेचाळीस. हात चालेनासे झाले असतील का? दहा वर्षांची मुलगीही आता कन्सोल मागते. कुठून सुरुवात करू, कुठल्या क्रमाने खेळू, आणि दोघींना एकाच कन्सोलवर आपापला खेळ चालू ठेवता येईल का?

उत्तर:

आधी हातांचं बोलू, कारण पत्रातली तीच ओळ मला सगळ्यात जास्त लागली. तुमच्या हातांना काहीही झालेलं नाही. 'मेगा मॅन झीरो' हा २००२ सालचा गेम मुळातच कठोर आहे. भिंतीला चिकटून वर चढणं, डॅश मारता मारता (झटक्यात पुढे धावताना) उडी घेणं, बॉसच्या, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या बलाढ्य शत्रूच्या, चाली पाठ करणं, हे सगळं खेळणाऱ्याला आधीच्या मेगा मॅन गेममुळे येतं असं तो धरून चालतो. वर प्रत्येक मोहिमेनंतर तुम्हाला श्रेणी देतो आणि चुकांची नोंद ठेवतो. मालिका पाठ असलेले खेळाडूही त्यात भरपूर मरतात. दिवसभर राबून आल्यावर पहिलाच गेम म्हणून तो लावला तर कुणाचीही हीच गत होईल. तो बाजूला ठेवा. आणखी दोन-तीन गेम पुरे झाले की परत उघडून बघा, तेव्हा तो वेगळा वाटेल.

आता यादीचं. पाच-पाच मिनिटं चाखून जुन्या गेमची पारख होत नाही, आणि यात तुमचा उतावळेपणा नाही. त्या काळी गेम खोक्यात यायचा आणि खोक्यात एक छापील पुस्तिका असायची. कथा काय, कुठल्या बटणाने काय होतं, कुठली वस्तू कशासाठी, सेव्ह कसं करायचं, हे सगळं त्या पुस्तिकेत. कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात खोचायच्या गेमच्या डबीत, जागाच इतकी तोकडी की समजावण्यात ती घालवणं परवडायचं नाही. पुढे मी ज्या 'लिंक्स अवेकनिंग'बद्दल सांगणार आहे तो मूळचा अख्खा गेम ५१२ किलोबाइटमध्ये मावला होता. तुमच्या कन्सोलमध्ये गेम आले, पुस्तिका आल्या नाहीत. त्यामुळे प्रत्येक गेम तुम्हाला अर्ध्यातून सुरू झाल्यासारखा वाटतो. या पुस्तिकांची स्कॅन केलेली पानं इंटरनेटवर मिळतात. जो गेम खेळायचा ठरवाल त्याची पुस्तिका आदल्या दिवशी फोनवर वाचून काढा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि फरक पहिल्याच बैठकीत कळेल.

आणि यादी नजरेआड करा. बहुतेक अशा कन्सोलमध्ये आवडत्या गेमची वेगळी यादी करता येते. तीत फक्त एक गेम तुमचा आणि एक मुलीचा ठेवा, कन्सोल सुरू झाल्यावर तीच यादी समोर येईल अशी सेटिंग मिळाली तर ती लावा. पहिले तीन-चार दिवस दुसरं काहीही उघडायचं नाही, कंटाळा आला तरी. साहसाच्या गेममध्ये पहिला तास हा पाय रोवण्याचा असतो. तुम्ही आजवर एकाही गेमला तो तास दिलेला नाही, म्हणून एकही पुरा होत नाही.

निवड करताना माझी कसोटी एकच आहे: गेम मुळात छोट्या पडद्यासाठी बनला होता का? मोठ्या पडद्यावरचा गेम हातातल्या यंत्रात कोंबला की काय होतं याचं उदाहरण तुमच्याच यादीत असेल. गेम गिअरवरचा 'सॉनिक द हेजहॉग २', १९९२ सालचा. हाच गेम सेगा कंपनीच्या, टीव्हीला जोडायच्या मास्टर सिस्टीमवरही होता. तिथे चित्र २५६ बाय १९२ ठिपक्यांचं, तर गेम गिअरचा पडदा १६० बाय १४४. चित्रांचा आकार तोच राहिला आणि कडा कापल्या गेल्या. पहिल्याच बॉसजवळ उतारावरून उसळत येणारे गोळे दिसतात तेव्हा ते अंगावर आलेले असतात. खेळणाऱ्याला वाटतं आपण मंद आहोत. पुढचं दिसतच नाही तर हात काय करणार?

गेम बॉय ॲडव्हान्सवर टीव्हीवरच्या गेमच्या अशा आवृत्त्या बऱ्याच आहेत. त्यातल्या काही चांगल्याही आहेत, झेल्डा मालिकेतल्या 'अ लिंक टू द पास्ट'ची २००२ सालची आवृत्ती तर मला प्रिय आहे. पण ॲडव्हान्सचा पडदा २४० बाय १६० आणि तो गेम बनला होता २५६ बाय २२४ साठी, म्हणजे वरखाली बरंच कमी दिसतं. पहिल्यांदा खेळणाऱ्याने जो गेम हँडहेल्डसाठीच घडवला गेला तिथून सुरुवात करावी.

तुमचा पहिला गेम 'द लेजेंड ऑफ झेल्डा: लिंक्स अवेकनिंग डीएक्स'. मूळ गेम १९९३ साली राखाडी गेम बॉयसाठी आला, डीएक्स ही त्याची १९९८ सालची रंगीत आवृत्ती. तुमच्या यादीत दोन्ही असतील, डीएक्सच घ्या. हा गेम निन्टेंडो या गेम बॉय बनवणाऱ्या कंपनीतल्या काही जणांनी कामाचे तास संपल्यावर, गेम बॉयवर झेल्डासारखं काही करता येईल का हे बघायला सुरू केला होता. ती मोकळीक त्यात शेवटपर्यंत जाणवते. मालिकेतली नेहमीची राजकन्या नाही, नेहमीचं राज्य नाही. वादळात जहाज फुटतं, नायक लिंक कोहोलिंट नावाच्या बेटाच्या किनाऱ्यावर लागतो, आणि बेटावरून निघायचं तर डोंगरावरच्या महाकाय अंड्यात झोपलेल्या विंड फिशला जागं करावं लागतं. त्यासाठी आठ वाद्यं गोळा करायची. शेवट काय होतो ते कुठेही वाचू नका, मुलीलाही वाचू देऊ नका. छोट्या पडद्यावर इतकी हुरहुर लावणारी कथा त्या काळात फार थोड्यांनी सांगितली.

छोट्या पडद्यासाठी घडवणं म्हणजे काय ते इथे बघा. खालची पट्टी हृदयं आणि वस्तूंसाठी सोडली की दहा बाय आठ चौकोनांची जागा उरते. बेटाचा नकाशा अशा १६ बाय १६ पडद्यांचा आहे, आणि एकेक पडदा एखाद्या खोलीसारखा मांडलेला. कडेला गेलात की पुढचा पडदा सरकून येतो. शत्रू, खड्डे, झुडपं, गुहेचं तोंड, जे काही आहे ते समोर असतं. पडद्याबाहेरून काही चाल करून येत नाही. थांबून बघायला, विचार करायला जागा मिळते, आणि अर्ध्या तासात पंधरावीस पडदे पालथे घातले तरी काहीतरी हाती लागतंच.

बटणं दोनच. झेल्डाच्या बऱ्याच गेममध्ये तलवार एका बटणाला कायमची बांधलेली असते, इथे तीही इतर वस्तूंसारखी लावायची-काढायची. त्यातून गमतीच्या जोड्या जमतात. पिसाने उडी मारता येते, पेगासस बुटांनी धावता येतं, दोन्ही एकत्र लावले की लांब उडी. धनुष्य आणि बॉम्ब एकाच क्षणी दाबले तर बाणाला बॉम्ब लागून जातो. हे गेममध्ये कुणी सांगत नाही, हाताला सापडतं. याची दुसरी बाजूही आहे. मध्यापासून पुढे वस्तू बदलण्यासाठी मेनू सतत उघडावा लागतो, आणि जड दगडाला चुकून धक्का लागला तरी 'हे उचलत नाही' अशा अर्थाचा तोच मजकूर पुन्हा पुन्हा येतो. तेवढं सहन करावं लागतं.

पहिल्या बैठकीसाठी वाट सांगून ठेवतो, कारण बहुतेक जण इथेच सोडतात. घरात जाग येते, तिथे ढाल मिळते. दक्षिणेला किनाऱ्यावर जाऊन तलवार घ्या. मग उत्तरेच्या जंगलात एक रॅकून तुमची वाट चुकवत राहतो. त्याच्याशी लढायचं नाही. जंगलातलं अळंबं शोधा, ते जादूगारणीच्या झोपडीत न्या, ती त्याची जादूची पूड करून देते. ती पूड रॅकूनवर टाका. मग जंगलातून पहिल्या गुहेची किल्ली मिळते. एवढं झालं की गेम तुम्हाला धरून ठेवेल. पुढे कुठे अडलात तर बेटावर जागोजागी टेलिफोनच्या खोल्या आहेत. तिथून फोन केला की उल्रिरा नावाचे आजोबा पुढचा इशारा देतात. समोरासमोर ते इतके लाजाळू की बोलतच नाहीत, फोनवर मात्र मोकळे होतात. इंटरनेटवर उत्तर शोधण्याआधी या आजोबांना विचारा. त्यांचे इशारे नेमके तेवढेच असतात, पुढचं काही फोडत नाहीत.

हा गेम बारा-पंधरा तासांचा आहे, म्हणजे तुमच्या वेळेनुसार महिनाभर पुरेल. घाई नको. आणि रोज थांबताना कागदावर एक ओळ लिहून ठेवा: कुठे आहे, काय शोधतेय. दोन दिवस खंड पडला तरी धागा तुटत नाही. जुन्या गेममध्ये 'आता काय करायचं' हे दाखवणारी यादी नसते, आणि माझ्या अनुभवात लोक गेम सोडतात ते कठीण बॉसपेक्षा जास्त या कारणाने.

दुसरा गेम 'मेट्रॉइड: झीरो मिशन', गेम बॉय ॲडव्हान्स, २००४. मेट्रॉइडची नायिका सॅमस ॲरन एकटीच एका परक्या ग्रहाच्या पोटात उतरते. बंद दारं, हाताला न लागणारे कट्टे, आणि नवी शक्ती मिळाली की मागे टाकलेल्या जागी परत जायची ओढ. तुम्ही पत्रात शोधाशोधीचा उल्लेख केलाय, त्यासाठी ही मालिकाच बनली आहे. झीरो मिशन हा १९८६ च्या पहिल्या मेट्रॉइडचा नव्याने केलेला अवतार. नकाशा आहे, वाटेतले चोझो पुतळे पुढचं ठिकाण नकाशावर दाखवतात, आणि सुरुवातीलाच सोपी पातळी निवडता येते. ती बिनदिक्कत निवडा. गेम छोटा आहे, पाच-सहा तासांत होतो, आणि शेवटाकडे त्याचा सूर अचानक पालटतो. त्याबद्दल आणखी बोलत नाही.

जाणकार तुम्हाला 'मेट्रॉइड २: रिटर्न ऑफ सॅमस' आधी खेळा म्हणतील. तो १९९१ चा, गेम बॉयवरचा. मला त्याबद्दल फार आदर आहे. चार छटांच्या पडद्यावर सॅमसचा नवा सूट साध्या सूटहून वेगळा ओळखू यावा म्हणून त्याचे खांदे मोठे गोल केले गेले, आणि रंग आल्यावरही ते खांदे तसेच राहिले. त्या वेळच्या मर्यादेतून घडलेलं हे रूप आज तिची ओळख आहे. सेव्ह करण्याची ठिकाणं मालिकेत पहिल्यांदा आली तीही याच गेममध्ये. पण नकाशा नाही. सॅमस पडद्यावर मोठी दिसते, त्यामुळे आजूबाजूचं कमी दिसतं, आणि बोगदे एकमेकांसारखे. रात्री थकलेल्या डोक्याने त्यात हरवायला होईल. झीरो मिशन आवडला तर मग 'मेट्रॉइड फ्यूजन' (२००२) घ्या. त्यात संगणक प्रत्येक वेळी पुढचं काम नेमून देतो, अर्ध्या तासाच्या बैठकीला ते छान जुळतं. सॅमसचंच रूप घेतलेला एसए-एक्स नावाचा शत्रू तुमच्या मागावर असतो आणि त्याची पावलं ऐकू आली की खरंच श्वास रोखला जातो. बॉस मात्र झीरो मिशनपेक्षा कडक आहेत, म्हणून तो नंतर.

तिसरा 'कॅसलव्हेनिया: आरिया ऑफ सॉरो', २००३. मारामारी यात भरपूर आहे, तरी तुमच्यासाठी तो मेगा मॅनपेक्षा कितीतरी सौम्य आहे, आणि त्याचं कारण साधं आहे. शत्रू मारले की अनुभवाचे गुण मिळतात, पातळी वाढते, तब्येत वाढते. एखादा बॉस जमत नसेल तर आधीच्या दालनांत फिरा, बळ वाढवा, परत या. हाताचा वेग कमी असेल तर त्याची भरपाई चिकाटीने करता येते. कथा २०३५ सालात घडते, सोमा क्रूझ नावाचा तरुण ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात अडकतो आणि मारलेल्या राक्षसांचे आत्मे त्याच्यात येतात. प्रत्येक आत्म्याची वेगळी शक्ती. कुठला राक्षस काय देईल या कुतूहलाने माणूस त्याच त्या दालनात पुन्हा जातो. वाटेत सेव्हच्या खोल्या आणि नीट नकाशा आहे.

याच मालिकेचे ॲडव्हान्सवरचे आधीचे दोन गेम, 'सर्कल ऑफ द मून' (२००१) आणि 'हार्मनी ऑफ डिसोनन्स' (२००२), आरियानंतर हवे तर बघा. गेम बॉयवरचा १९८९ चा 'कॅसलव्हेनिया: द ॲडव्हेंचर' मात्र उघडू नका. नायक इतका संथ चालतो की उड्या अगदी काठावरून माराव्या लागतात, आणि तुमची हाताबद्दलची शंका परत डोकं वर काढेल. त्या काळातला हवाच असेल तर १९९१ चा 'बेलमाँट्स रिव्हेंज' बघा, तो बराच सुधारलेला आहे.

झेल्डाची गोडी लागली की त्याच वाटेवर आणखी तीन गेम आहेत. 'ओरॅकल ऑफ सीझन्स' आणि 'ओरॅकल ऑफ एजेस' ही २००१ ची जोडी, कॅपकॉम कंपनीने बनवलेली. सीझन्समध्ये मारामारी जास्त, एजेसमध्ये कोडी जास्त, आणि एक संपवल्यावर मिळणारा पासवर्ड दुसऱ्यात टाकला की कथा जोडली जाते. 'द मिनिश कॅप' (२००४) यात लिंक मुंगीएवढा होतो, आणि मघाचं साधं डबकं ओलांडता न येणारं होऊन बसतं. चित्रं फार सुंदर आहेत.

मुलीसाठी 'वॉरिओ लँड ३', गेम बॉय कलर, २०००. शेवटचा बॉस सोडला तर यात वॉरिओ मरतच नाही. पेटतो, चपटा होतो, फुगतो, झाँबी होतो, आणि यातली प्रत्येक दुर्दशा कुठलं तरी दार उघडायच्या कामी येते. पेटलेला वॉरिओ अडथळे जाळतो, चपटा झालेला फटीतून सरकतो. पंचवीस ठिकाणं, प्रत्येकात चार पेट्या, म्हणजे शंभर खजिने, आणि एक खजिना मिळाला की दुसरीकडचं जग बदलतं. दहा वर्षांच्या मुलीला 'गेम ओव्हर'ची भीती न घालता साहसाच्या गेमचं मूळ सूत्र शिकवणारा याहून चांगला गेम मला माहीत नाही. मधे मधे गोल्फचा एक छोटा खेळ अडवतो, तो कंटाळवाणा आहे. तिथे तिला थोडी मदत लागेल. त्याआधी एखाद्या सुट्टीच्या दुपारी 'कर्बीज ड्रीम लँड' (१९९२) द्या. पाच टप्पे, तासाभरात संपतो. मासाहिरो साकुराई यांनी तो मुद्दाम नवख्या खेळाडूंसाठी रचला होता. गेम पुरा करण्याचा आनंद तिला पहिल्याच दिवशी मिळेल. आणि तुम्हीही खेळा, तुम्हालाही त्याची गरज आहे.

दोन गेमबद्दल सावध करतो, कारण यादीत ते मोह घालतील. 'फायनल फँटसी ॲडव्हेंचर' (१९९१) मनापासून चांगला आहे, पण गुहांमधल्या किल्ल्या वापरून संपतात आणि आत शिरल्यावर त्या उरल्या नाहीत तर पुढे जाणं आणि मागे येणं दोन्ही बंद होऊ शकतं. तो खेळाल तेव्हा किल्ल्यांचा साठा घेऊनच आत जा. दुसरा 'बोक्ताई' (२००३). त्याच्या कार्ट्रिजमध्येच उन्हाचा सेन्सर होता. खऱ्या उन्हात बसून खेळलं की व्हँपायर मारायची बंदूक भरायची. तुमच्या कन्सोलला तो सेन्सर नाही. काही एम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करून गेम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उन्हाची पातळी हाताने ठरवता येते, ती सोय नसेल तर गेम अडकतो.

खेळायला बसण्यापूर्वी सेटिंगमध्ये तीन गोष्टी बघून घ्या. चित्र ताणून पडदाभर केलेलं असेल तर ते बंद करून पूर्ण पटीतलं करा. पडदा ६४० बाय ४८० चा असेल तर गेम बॉयचं चित्र बरोबर तिप्पट, म्हणजे ४८० बाय ४३२ बसतं. बाजूला काळ्या पट्ट्या राहतील, त्या राहू द्या, ठिपके रेखीव दिसतात आणि डोळे कमी शिणतात. या गेमसाठी ॲनालॉग काडी वापरू नका, चार दिशांचं बटण वापरा. उडी हुकण्याचं निम्मं कारण ती काडीच असते. आणि पहिल्या गेम बॉय ॲडव्हान्सला पडद्यामागे प्रकाश नव्हता, म्हणून त्या काळच्या बऱ्याच गेममध्ये रंग मुद्दाम भडक ठेवले गेले. आजच्या उजळ पडद्यावर ते फटफटीत दिसतात. रंगदुरुस्तीचा पर्याय असेल तर तो चालू करा.

एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. असे हजारो गेम भरून विकले जाणारे कन्सोल ज्यांनी ते गेम बनवले त्यांच्या परवानगीने भरलेले नसतात. भावाने प्रेमाने दिलं, तुम्हाला अपराधी वाटायचं कारण नाही, पण आवडलेला गेम रीतसर विकत मिळत असेल तर घ्या. निन्टेंडोच्या ऑनलाइन सेवेत २०२३ पासून लिंक्स अवेकनिंग डीएक्स, मेट्रॉइड २, वॉरिओ लँड ३, कर्बी आणि मिनिश कॅप हे सगळे आहेत. ॲडव्हान्सवरचे कॅसलव्हेनिया २०२१ च्या एका संग्रहात एकत्र मिळतात. शिवाय आजही लोक या जुन्या यंत्रांसाठी नवे गेम लिहितात आणि मोफत देतात. ॲडव्हान्ससाठीचा 'अँगुना' हा झेल्डाच्या वळणाचा गेम त्यातलाच एक, तो तुमच्या कन्सोलवर टाकून खेळायला काहीच हरकत नाही. सोबत आलेल्या मेमरी कार्डची एक प्रतही लगेच चांगल्या कार्डवर करून ठेवा. स्वस्त कार्डं न सांगता बंद पडतात आणि तुमचे सेव्ह त्याच कार्डावर असतात.

शेवटी दोघींच्या सेव्हचा प्रश्न, आणि तो नीट समजून घ्या. लिंक्स अवेकनिंगमध्ये तीन वेगवेगळ्या नावांनी खेळ साठवता येतो. एक जागा तुमची, एक मुलीची, तिसरी मोकळी. मुलगी दुकानातून पैसे न देता वस्तू पळवता येते का हे बघणारच. येते. पण त्यानंतर गेम तिला कायम 'थीफ' म्हणतो आणि पुन्हा दुकानात गेलं की दुकानदार ठार मारतो. तो प्रयोग तिसऱ्या जागेत होऊ द्या.

या गेममध्ये सेव्ह करण्यासाठी ए, बी, स्टार्ट आणि सिलेक्ट ही चारही बटणं एकदम दाबायची असतात. गेममध्ये हे शोधून सापडणार नाही, पुस्तिकेत होतं. अडचण अशी की बऱ्याच रेट्रो कन्सोलवर स्टार्ट आणि सिलेक्ट एकत्र दाबलं की गेमच बंद होतो. म्हणून सुरुवात करण्याआधी तो शॉर्टकट सेटिंगमध्ये जाऊन दुसऱ्या बटणावर हलवा, आणि एकदा सेव्ह करून, गेम बंद करून, परत उघडून खात्री करा. थांबताना वीज थेट तोडू नका. सेव्ह करा, मेनूतून गेममधून बाहेर या, मग कन्सोल बंद करा. काही एम्युलेटर सेव्हची फाइल बाहेर पडतानाच कार्डावर लिहितात.

कन्सोलची स्वतःची 'सेव्ह स्टेट' सोय मात्र दोघी एकच गेम खेळत असताना वापरू नका. सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणीचं सगळं यंत्र जसंच्या तसं गोठवणं, आणि बहुतेक एम्युलेटरमध्ये त्यात कार्ट्रिजची सेव्ह मेमरीही येते. तुम्ही सोमवारची सेव्ह स्टेट गुरुवारी उघडलीत तर मधल्या दिवसांत मुलीने तिच्या जागेत केलेलं सगळं सोमवारवर परत जाईल, आणि तुम्ही गेममध्ये सेव्ह केलंत की कायमचं पुसलं जाईल. लिंक्स अवेकनिंगमध्ये दोघींनी गेममधलंच सेव्ह वापरायचं. वॉरिओ लँड ती एकटी खेळेल, आरिया तुम्ही एकट्या, तिथे कठीण बॉसच्या दारात सेव्ह स्टेट घ्यायला हरकत नाही. कर्बीमध्ये सेव्हची सोयच नाही, मधेच जेवायला हाक आली तर तिथे सेव्ह स्टेटच कामी येईल.